जनुक चालू झालं, म्हणजे नेमकं काय कळलं?

उत्साही : सुरुवात प्लेगपासून करतो, कारण मुंबईला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातले रुग्ण पाहून हा प्लेगच आहे असं सांगितलं आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून हे जिवाणू वाढवले, उष्णतेनं मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. चंबूत वाढलेला जिवाणू आणि रुग्णाच्या काखेतल्या गाठीतला जिवाणू वेगळा वागत असेल, असं मानायला तेव्हा काही कारण नव्हतं. आज ते आहे. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या पोटात असतो तेव्हा हवेच्या तापमानाला असतो. तिथे तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो आणि पिसवेची अन्ननलिका तुंबवतो. उपाशी पिसू मग पुन्हा पुन्हा चावते. चाव्यातून तो आपल्या शरीरात आला, की ३७ अंशांवर चिकट थराचं काम मागे पडतं आणि वेगळीच जनुकं चालू होतात. अंगावर एफ-१ नावाच्या प्रथिनाचं कवच चढतं. आपल्या संरक्षक पेशींत थेट विषारी प्रथिनं टोचणारी सुई तयार होते.

सगळ्यांत विलक्षण बदल त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या मेदाच्या रेणूत होतो. पिसवेच्या तापमानाला या रेणूला सहा शेपट्या असतात, ३७ अंशांवर मुख्यतः चारच उरतात. आपल्या पेशींवरचा टीएलआर-४ हा पहारेकरी सहा शेपट्यांचा रेणू चटकन ओळखतो. चार शेपट्यांचा त्याच्या नजरेतून सुटतो. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी प्लेगच्या जिवाणूत ई. कोलायचं एक जनुक घातलं आणि त्याला ३७ अंशांवरही सहा शेपट्या तयार करायला लावलं. एरवी उंदरांना हमखास मारणारा हा जिवाणू मोठ्या मात्रेत टोचूनही उंदीर जगले. म्हणून मी म्हणतो, की जिवाणूचा जनुकसंच वाचून काम भागत नाही. त्यातलं काय, कुठे आणि कधी चालू होतं हे वाचायला हवं. रोग तिथे आहे.

शंकेखोर : प्लेगचं उदाहरण पक्कं आहे, मला त्यात खोट काढायची नाही. पण ते पक्कं का आहे, हे आधी पाहू. तिथे इशारा एकच आहे, तापमानाचा. तो मोजता येतो आणि प्रत्येक सस्तन प्राण्यात जवळजवळ सारखा असतो. बदलही नेमका सापडला आहे, आणि तो बदल रोखल्यावर रोग थांबतो हे करून दाखवलं आहे. अशी तीनही अंगं पुरी झालेली उदाहरणं थोडी आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी आपल्या हातात यादी असते. अमुक जिवाणू, तमुक पेशीत, इतकी जनुकं वाढली, तितकी उतरली. आणि त्या यादीवरून आपण जिवाणूचा हेतू सांगू लागतो.

कॉलऱ्याचंच घ्या. १९८४ मध्ये टॉक्सआर हे जनुक सापडलं. कॉलऱ्याच्या विषाचं जनुक चालू करणारं हे बटण, अशी त्याची ओळख झाली आणि त्यावर वर्षानुवर्षं उत्तम काम झालं. आता प्रयोगशाळेत हे बटण चालू कधी होतं, ते बघा. अभिजात प्रकारच्या जिवाणूत ते ३० अंश तापमानाला आणि किंचित आम्लयुक्त रसात उत्तम चालतं. ३७ अंश आणि अल्कधर्मी रस दिला की मंदावतं. माणसाचं लहान आतडं मात्र ३७ अंशांचं आणि अल्कधर्मी असतं. एल टॉर प्रकारात तर विष मिळवायला नळी आधी स्थिर ठेवायची आणि मग हलवत राहायची, अशी रीत शोधावी लागली. म्हणजे ज्या परिस्थितीला आपण रोगाची परिस्थिती म्हणून वापरलं, तिचं रोगाच्या जागेशी साधर्म्यच नव्हतं. बटण खरं होतं. पण ते शरीरात कोण दाबतं, हे नळीला विचारून कळणार नव्हतं.

उत्साही : हा आक्षेप तुम्ही नळीवर घेताय, आणि तो मला मान्यच आहे. म्हणूनच तर संशोधक नळी सोडून प्राण्याच्या शरीरात गेले. १९९३ मध्ये महान, स्लॉच आणि मेकालॅनोस यांनी जी युक्ती काढली ती मला आजही थक्क करते. त्यांनी साल्मोनेला जिवाणूचं एक अत्यावश्यक जनुक काढून टाकलं. ते नसेल तर उंदराच्या शरीरात तो वाढूच शकत नाही. मग हे हरवलेलं जनुक त्याच्या जनुकसंचातल्या वेगवेगळ्या अनोळखी बटणांना जोडून परत दिलं. प्रत्येक जिवाणूला वेगळं बटण. असे हजारो जिवाणू एकत्र करून उंदराला टोचले. ज्याचं बटण उंदराच्या शरीरात चालू झालं तो जगला, बाकीचे संपले. वाचलेल्यांतून त्यांनी ताटलीवर ज्यांचं बटण बंद राहतं तेवढेच निवडले. कुठली परिस्थिती महत्त्वाची, हे संशोधकांनी ठरवलं नाही. ती निवड उंदराच्या शरीरानं केली.

कॉलऱ्यातही हेच झालं. २००२ मध्ये ढाक्यातल्या रुग्णांच्या शौचातून आलेल्या जिवाणूंत कुठली जनुकं चालू आहेत, ते थेट वाचलं गेलं. कॉलऱ्याचा जुलाब म्हणजे तांदळाच्या पेजेसारखं पाणी. त्यात जिवाणू इतके असतात, की ते वेगळे काढायला फार कष्ट पडत नाहीत. त्यांत काय दिसलं? विषाची आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या तंतूंची जनुकं उतरलेली. पोहण्याची यंत्रणा शाबूत, पण पोहताना दिशा धरायला लावणारी काही जनुकं मंद. हे जिवाणू आणि प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू एकत्र करून उंदराच्या पिल्लांना दिले, तेव्हा रुग्णाच्या पोटातून आलेल्यांनी दुसऱ्यांना कितीतरी पटींनी मागे टाकलं. माणसाच्या आतड्यातून जाऊन आल्यानं जिवाणू पुढच्या माणसासाठी अधिक सज्ज झाला होता. साथ घराघरांतून इतक्या झपाट्यानं का पसरते, याचं एक कारण इथे मिळतं. हे कुठल्या नळीनं सांगितलं असतं?

शंकेखोर : नळीनं नसतंच सांगितलं. पण तुमच्याच प्रयोगात एक गोष्ट दडली आहे. तुम्ही आतड्यातला जिवाणू वाचला नाही, आतडं सोडून निघालेला वाचला. त्यानं विषाची जनुकं उतरवली होती, कारण त्याचं तिथलं काम संपलं होतं. कुणी फक्त शौचाचा नमुना पाहून म्हणालं असतं, की कॉलऱ्यात विषाला महत्त्व नाही, तर? शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यावर दाखवलेल्या विषाला आपण फाटा दिला असता. मूत्रमार्गाच्या संसर्गात असाच गोंधळ झाला. ई. कोलाय मूत्राशयाच्या भिंतीला ज्या तंतूंनी चिकटतो, त्यांची जनुकं उंदरांत चढलेली दिसतात. आजारी स्त्रियांच्या लघवीतल्या जिवाणूंत मात्र ती फारशी दिसली नाहीत. यावरून हे तंतू माणसात बिनकामाचे, असा अर्थ निघत नाही. चिकटलेले जिवाणू लघवीत येत नाहीत, एवढाच निघतो. रुग्णाकडून आलेला नमुना म्हणजे रोगाच्या जागेचा नमुना असं धरून चालता येत नाही.

आणि वेळेचं काय? जिवाणूतल्या संदेशवाहक आरएनएचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. ऊतक कापून बाहेर काढेपर्यंत, बर्फात ठेवेपर्यंत, यजमानाच्या आरएनएच्या ढिगातून जिवाणूचा चिमूटभर आरएनए वेगळा करेपर्यंत जिवाणूला थंडी लागलेली असते, हवा लागलेली असते. तो त्या धक्क्याला उत्तर देऊ लागतो. आपण ज्याला शरीरातली जुळवणूक म्हणतो, त्यातला काही भाग चिमट्याला दिलेला प्रतिसाद असू शकतो.

तिसरी अडचण सरासरीची. हजारो-लाखो जिवाणू एकत्र भरडून त्यांचा आरएनए मोजणं म्हणजे इमारतीच्या वीजमीटरवरून कुठल्या खोलीत दिवा लागलाय ते सांगणं. आकडा खरा असतो, पण तो कुठल्याच खोलीचा नसतो.

उत्साही : सरासरीचा आक्षेप सर्वांत जड आहे, पण त्यावर गेल्या वीस वर्षांत झालेलं काम तुमच्यापेक्षा माझ्या बाजूनं अधिक बोलतं. साल्मोनेलाकडे पाहा. आतड्याच्या पोकळीत असलेल्या जिवाणूंपैकी थोड्यांतच पेशीत घुसायची सुई तयार होते. बाकीच्यांत, जनुकसंच तंतोतंत तोच असून, ती बंद असते. २००८ मध्ये दिसलं, की जे घुसतात त्यांतले बहुतेक मरतात. पण त्यांच्या घुसण्यानं आतड्याला सूज येते, त्या सुजेनं तिथले इतर जिवाणू हटतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत न घुसलेले साल्मोनेला वाढतात. म्हणजे जी विषमता तुम्हाला मोजमापातली अडचण वाटते, ती जिवाणूची जगण्याची रीतच निघाली. सगळ्यांत जनुक चालू असतं तर घुसणारे मेले असते आणि मोकळी जागा घ्यायला कुणी उरलं नसतं.

मॅक्रोफेज पेशीच्या आतलं चित्रही तसंच आहे. ही पेशी जिवाणू गिळते आणि त्याला एका पिशवीत कोंडते. पिशवी आम्लानं भरते, अन्न तोडलं जातं. २०१४ च्या प्रयोगांत दिसलं, की गिळल्यानंतर लवकरच काही साल्मोनेला वाढणंच थांबवतात. मरत नाहीत, वाढत नाहीत, आणि प्रतिजैविकाला दाद देत नाहीत. त्यांच्यात प्रतिकाराचं कुठलंही उत्परिवर्तन नसतं. बदल फक्त कुठली जनुकं चालू आहेत याचा. बाहेर काढून रस दिला की ते पुन्हा वाढतात. एकेका जिवाणूत चमकणारं प्रथिन घालून ही वाढ पेशीगणिक मोजली गेली. भरडून मोजण्याचा प्रश्न तिथे येतच नाही.

शंकेखोर : हे काम मोठं आहे, मान्य. मग साल्मोनेलाच धरून मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. त्या पिशवीत त्याला कळतं काय? फोपी–फोक्यू ही जोडी तुम्हाला माहीत आहे. फोक्यू आवरणात बसून बाहेरचा इशारा घेतं, फोपी आत जनुकं चालू करतं. ही जोडी काढून टाकली तर साल्मोनेला उंदरात निष्प्रभ होतो, म्हणजे तिचं महत्त्व वादातीत आहे. पण इशारा कुठला? १९९६ मध्ये उत्तर आलं, मॅग्नेशियमची टंचाई. २००५ मध्ये आलं, यजमानाची जिवाणूमारक पेप्टाइडं. मग आम्ल. २००६ च्या सुमारास पिशवीतलं मॅग्नेशियम मोजलं गेलं आणि ते टंचाईच्या पातळीला उतरतच नाही असं दिसलं. झालं, मॅग्नेशियम मागे पडलं. आणि २०१९ मध्ये ते परत आलं! एसएलसी११ए१ नावाचं यजमानाचं एक प्रथिन त्याच पिशवीतून मॅग्नेशियम बाहेर काढतं आणि साल्मोनेलाची वाढ त्यानंच खुंटते, असं दाखवलं गेलं.

गंमत अशी, की प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काळ्या आणि पांढऱ्या उंदरांच्या जातींत हेच प्रथिन एका अमिनो आम्लाच्या फरकामुळे निकामी असतं. साल्मोनेला पिशवीत काय जाणतो, हे ज्या उंदरांना आपण पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांच्यात ती टंचाई निर्माण करणारं यंत्रच बंद होतं. माणसात ते शाबूत असतं. तेव्हा 'सस्तन यजमान' हा शब्द आपण वापरतो तेव्हा कुठला यजमान, कुठली जात, त्याची कुठली जनुकं, हे न सांगता पुढे गेलो तर जिवाणूबद्दलचं वाक्य अर्धंच राहतं.

उत्साही : इथे तुम्ही मला अडवलं नाहीत, पुढे ढकललंत. हे वाक्य मी क्षयाच्या बाबतीत पुरं करायचा प्रयत्न करतो, कारण मला या विषयात सर्वांत जवळचा तोच आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटानं क्षयाच्या जिवाणूतली एक जोडी वर्णन केली. घातक वाणात आणि निरुपद्रवी झालेल्या वाणात जी जनुकं वेगळी चालतात, त्यांचा शोध घेताना ती सापडली. तिच्यातल्या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला डेव्हआर म्हणतात, दुसरं नाव डॉसआर. ऑक्सिजन कमी पडला की डॉसआर सुमारे पन्नास जनुकं एकदम चालू करतं. जिवाणू वाढ थांबवतो, अंगात मेदाचे थेंब साठवतो आणि निपचित पडून राहतो. क्षयाच्या जुन्या, घट्ट गाठीत ऑक्सिजन पोचत नाही हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून वाटत होतं. तेव्हा चित्र जुळलं. शरीरानं गाठ बांधून जिवाणूला कोंडलं, जिवाणूनं डॉसआर चालू करून झोप घेतली. आणि २००८ मध्ये रुग्णांच्या थुंकीतल्या जिवाणूंत मेदाचे थेंब दिसले, डॉसआरची जनुकं चढलेली दिसली. प्राण्यात नाही, नळीत नाही, माणसाच्या थुंकीत.

शंकेखोर : थुंकीतला जिवाणू गाठ फुटून हवेच्या नळीत आलेला असतो. तिथे ऑक्सिजनचा तुटवडा नाही.

उत्साही : आणि तरीही जनुकं चढलेली होती. म्हणजे मूळ जागेची खूण त्याच्या अंगावर टिकून होती, असंच म्हणावं लागेल.

शंकेखोर : किंवा डॉसआरला चालू करणारं दुसरंच काही तिथे होतं, असंही म्हणता येईल. कारण डॉसआर फक्त ऑक्सिजनच्या अभावानं चालू होत नाही. मॅक्रोफेज पेशी जिवाणू मारायला नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्यानंही होतं. शरीरात तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनंही होतं. तीन वायू आणि बटण एक. बटण चालू दिसलं यावरून कुठला वायू होता ते कळत नाही. त्याहून पुढची गोष्ट सांगतो. क्षयाच्या जिवाणूंचं बीजिंग नावाचं एक कूळ आहे, आशियात पसरलेलं. त्या कुळातल्या वाणांत डॉसआरची जनुकं भरपूर ऑक्सिजनमध्ये, चंबूत, कुणी न छेडताही चढलेली असतात. तिथे ही जुळवणूक कशाशी म्हणायची? जनुक चालू आहे म्हणजे जिवाणू परिस्थितीला उत्तर देतोय, हे गृहीतच तिथे ढासळतं.

आता खरा प्रश्न. डॉसआर काढून टाकलं तर काय होतं? नेहमीच्या उंदरांत काही प्रयोगांत फारसा फरक पडला नाही. २००३ च्या एका प्रयोगात तर जिवाणू उलट अधिक घातक झाला. २००४ मध्ये त्यागी यांच्याच गटाला गिनीपिगमध्ये तो दुबळा झालेला दिसला. माणसाच्या जवळच्या मकाक माकडांत, २०१५ मध्ये, तो शरीरात टिकूच शकला नाही. एकच जनुक, तीन प्राणी, तीन उत्तरं. मग तुमचं ते जुळलेलं चित्र कुणाचं?

उत्साही : या तीन उत्तरांतच माझं उत्तर आहे, जरा धीर धरा. ऑक्सिजन कमी असलेल्या ऊतकातच अडकून बसणारा एक रेणू आहे. तो प्राण्याला टोचायचा आणि मग फुप्फुसाचे काप रंगवायचे. २००८ मध्ये हे केलं गेलं. गिनीपिग, ससा आणि माकड यांच्या क्षयाच्या गाठींचा गाभा गडद रंगला. नेहमीच्या उंदरांच्या गाठी रंगल्याच नाहीत. त्यांच्या गाठी सैल असतात, मधोमध सडत नाहीत, रक्त सगळीकडे पोचतं. तेव्हा उंदरात डॉसआर काढून फरक पडला नाही यात विसंगती काहीच नाही. ज्या टंचाईसाठी ते जनुक आहे, ती टंचाईच तिथे नव्हती. उंदरांची एक खास जात आहे, जिच्यात गाठी माणसासारख्या सडतात. तिच्यात ही यंत्रणा मोडली की जिवाणू मार खातो. जिवाणूची जनुकं काय सांगतात, तर यजमानाच्या शरीरातली नेमकी ती जागा कशी आहे. माझ्या लेखी ही यादी म्हणजे जिवाणूच्या हेतूची कबुली नाहीच. ती त्या जागेची नोंद आहे, जिथे आपली सुई किंवा नळी पोचत नाही.

शंकेखोर : हे तुम्ही आधी म्हणत होतात त्याहून वेगळं आहे, आणि मला अधिक पटणारं आहे. सुरुवातीला तुमचं म्हणणं होतं, की जिवाणू काय चालू करतो ते वाचलं की रोग कळेल. आता म्हणता, की त्यावरून जिवाणू कुठे बसला आहे ते कळेल. या दोन दाव्यांत अंतर आहे आणि ते जपायला हवं. २००५ मध्ये क्षयाच्या जिवाणूची हजारो जनुकं एकेक मोडून मॅक्रोफेज पेशीत कुठल्यावाचून अडतं ते तपासलं गेलं. ज्यांच्यावाचून अडलं, त्यांतली बहुतेक जनुकं पेशीत गेल्यावर चढणारी नव्हतीच. ती सदासर्वकाळ चालूच असतात. म्हणजे जिवाणूला जगायला जे लागतं ते एक, आणि तो जागा बदलल्यावर जे बदलतो ते दुसरं. चढलेल्या जनुकांच्या यादीतून औषधाचं लक्ष्य शोधणारा माणूस चुकीच्या दारावर थापा मारत असण्याची शक्यता मोठी आहे.

उत्साही : तरी औषधाची आशा मी सोडणार नाही. कॉलऱ्यात टॉक्सटी हे विषाचं जनुक चालू करणारं प्रथिन रोखणारा एक छोटा रेणू २००५ मध्ये सापडला. उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात जिवाणू ठाण मांडू शकले नाहीत. रेणूनं त्यांना मारलं नव्हतं, फक्त बटण दाबू दिलं नव्हतं. जिवाणूला मारायचं नाही, त्याला शरीराशी जुळवून घेऊ द्यायचं नाही, या विचारात मला प्रतिजैविकांच्या पुढची वाट दिसते. मारणाऱ्या औषधाविरुद्ध प्रतिकार चटकन वाढतो, कारण वाचलेल्याला सगळं रान मोकळं मिळतं. बटण रोखणाऱ्या औषधात तो दबाव कमी असावा.

शंकेखोर : तो रेणू सापडून बराच काळ लोटला, तरी कॉलऱ्याचा रुग्ण आजही वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्यानं आणि सलाइननं. ते असो. मला औषधाची कसोटी क्षयातच लावायची आहे, कारण तिथे ती लावली गेली आहे. ऑक्सिजनशिवाय झोपलेल्या क्षयाच्या जिवाणूला मेट्रोनिडाझोल मारतं, हे नळीत दिसलं. जुलाबावर आपण घेतो तेच औषध, दुकानादुकानात मिळणारं. तुमचं चित्र खरं असेल, तर हे औषध गाठीतल्या झोपलेल्यांना मारायला हवं. उंदरांत उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते तुम्ही आत्ताच सांगितलंत. मकाक माकडांत २०१२ मध्ये झाला. दबलेला क्षय उसळून येणं त्यानं रोखलं. मग दक्षिण कोरियात बहुऔषधरोधी क्षयाच्या रुग्णांवर चाचणी झाली. पहिल्या महिन्यात थुंकी लवकर साफ होताना दिसली. सहा महिन्यांच्या टप्प्यावर दोन गटांत फरक उरला नव्हता. आणि हातापायांच्या नसांना इतका त्रास होऊ लागला, की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

उत्साही : त्रास औषधाचा होता. चित्र खोटं ठरलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

शंकेखोर : खरं ठरलं असंही म्हणता येत नाही. मी तेच म्हणतोय.

उत्साही : मग २०१६ चं काम त्यात जोडा. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी साठणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन क्षयाच्या रुग्णांच्या फुप्फुसांचं स्कॅन केलं गेलं. माणसाच्या गाठींत ऑक्सिजनचा तुटवडा आहे हे जिवंत माणसात प्रत्यक्ष दिसलं. आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. एकाच फुप्फुसात काही भाग गडद, काही फिके. म्हणजे एका माणसाच्या छातीत एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळे 'यजमान' असतात. एका गाठीत जिवाणू डॉसआर चालू करून पडलेला आहे, शेजारच्या पोकळीत भरपूर हवेत वाढतो आहे. एकच औषध दोघांना पुरणार नाही. मेट्रोनिडाझोलचा परिणाम पहिल्या महिन्यात दिसून पुढे का विरला, याचं उत्तर कदाचित इथे असेल.

शंकेखोर : 'कदाचित' या शब्दावर मी बोट ठेवतो, पण या वेळी विरोधात नाही. माझी मागणी आता नेमकी करता येते. जनुकं चढली एवढं सांगणारा प्रबंध मला पुरत नाही. ती कुठल्या जागेतून काढली, त्या जागेत ऑक्सिजन, लोह, मॅग्नेशियम किती होतं, नमुना किती मिनिटांत गोठवला, हे सोबत हवं. आणि ते जनुक मोडल्यावर त्याच जागेत जिवाणू हरतो की नाही, हेही हवं. उंदरात हरतो एवढ्यानं भागणार नाही. माणसात जनुक मोडून प्रयोग करता येत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाचे तुकडे, स्कॅन आणि थुंकी, तिन्ही एकाच रुग्णाची मिळायला हवीत. भारतात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत, आणि डॉसआरच्या कथेची सुरुवातही इथल्याच प्रयोगशाळेत झाली. हे काम इथे व्हायला हवं.

उत्साही : मागणी मान्य. फक्त तोवर यादी बाजूला ठेवा असं म्हणू नका. ती यादी नसती तर मकाकमध्ये काय शोधायचं ते कळलं नसतं, आणि माणसाच्या फुप्फुसात ऑक्सिजन मोजावा असं कुणाला सुचण्याचं कारणही दुबळं राहिलं असतं.

शंकेखोर : बाजूला ठेवा म्हणत नाही. तिला उत्तर समजू नका, इतकंच म्हणतो. आणि वाचणाऱ्यांत कुणी क्षयाचा रुग्ण असेल, तर त्यानं आमच्या वादाचा निकाल लागायची वाट पाहू नये. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचा उपचार आपल्याकडे सहा महिन्यांचा आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागतं, थुंकी साफ येते. पुढचे चार महिने त्या जिवाणूंसाठी आहेत, जे वाढत नाहीत म्हणून लवकर मरत नाहीत. ते कुठल्या गाठीत, कुठली जनुकं चालू करून बसले आहेत, हे आज कुठलाही डॉक्टर कुठल्याही तपासणीनं सांगू शकत नाही. गोळ्या पुऱ्या करा.